पोफळीच्या बागेत कॉफी: कोकणातील लागवडीपासून वाळवणीपर्यंत

कोकणात कॉफी होते का, असे विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा चिकमगळूरचे किंवा कोडगूचे चित्र असते. धुक्यात बुडालेली दरी, सिल्व्हर ओकच्या उंच खोडांवर चढलेली मिरी आणि त्या सावलीत लाल फळांनी लगडलेली झुडपे. हे चित्र खरे आहे, पण ते समुद्रसपाटीपासून साधारण १,००० ते १,५०० मीटर उंचीवरचे आहे. बाबा बुदन या सूफी संताने सतराव्या शतकात येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. त्या डोंगररांगेत पुढे वाढलेली कॉफी अरेबिका जातीची. उंचीवरच्या थंड रात्रींमुळे तिचे फळ सावकाश पिकते, बी घट्ट भरते आणि तिच्यात ती नाजूक आंबूस-गोड चव उतरते. महाराष्ट्रात कॉफी म्हटली की ज्या चिखलदऱ्याचे नाव निघते, तेही सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे.

कोकणची पट्टी मात्र समुद्राच्या पातळीपासून सुरू होते आणि आपली बहुतेक आगरे व कुळागरे, म्हणजे नारळ-पोफळीच्या (सुपारीच्या) बागा, शंभर-दोनशे मीटरच्या आतच आहेत. त्यामुळे डोंगरातली कॉफी किनाऱ्यावर आणण्याचा हट्ट पहिल्याच पायरीवर सोडून द्यावा. किनाऱ्यावर होणारी कॉफी वेगळ्या जातीची, वेगळ्या चवीची आणि वेगळ्या शिस्तीची असते. ही शिस्त दोन ठिकाणी कसास लागते. हिवाळ्यात पाणी तोडण्याच्या वेळी आणि तोडणीनंतर फळे वाळवण्याच्या वेळी. बाकीची कामे पोफळीचा कोणताही बागायतदार सहज करू शकेल अशी आहेत, म्हणून या लेखात त्यांची माहिती आवश्यक तेवढीच दिली आहे.

जात कोणती घ्यावी

अरेबिकाला १५ ते २५ अंश तापमान मानवते, तर रोबस्टाला २० ते ३० अंश. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा त्याही वर जातो, परंतु ओलिताखालच्या पोफळीच्या बागेत बाहेरच्यापेक्षा गारवा राहतो आणि रोबस्टा तेवढे सोसते. अरेबिका सोसत नाही, हे मी स्वतःच्या खर्चाने शिकलो. पहिल्या वर्षी एका रोपवाटिकेतून मी हौसेने अरेबिकाची बारा रोपे आणली. तीन वर्षे ती दिमाखात वाढली आणि मग एकेक करून पिवळी पडू लागली. खोडावर गोल उंचवटे दिसले, खोड हलवताच मोडले आणि आत भुश्याने भरलेली भुयारे निघाली. हा पांढरा खोडकिडा अरेबिकाचा सर्वांत मोठा शत्रू आहे, आणि जितकी उष्णता जास्त व सावली विरळ तितका त्याचा जोर जास्त. पाचव्या वर्षाअखेर बारापैकी एकही झाड उरले नाही.

म्हणून मुख्य लागवड रोबस्टाचीच करावी. कर्नाटकातील बाळेहोन्नूर येथील केंद्रीय कॉफी संशोधन संस्थेने निवडलेला 'एस. २७४' हा वाण जोमदार आहे आणि त्याला जागा अधिक लागते. रोबस्टाचा काँजेन्सिस या जातीशी संकर करून तयार झालेला 'सी बाय आर' हा वाण आटोपशीर झुडपाचा असून त्याची चवही थोडी मऊ आहे. पोफळीच्या बागेतील अरुंद जागेचा विचार करता माझा कौल दुसऱ्याला आहे. पहाडी अरेबिकाचे जुने वाण, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूर संस्थानात निवडलेला 'केंट' किंवा त्याच्या संकरातून १९४० च्या दशकात आलेला 'एस. ७९५', हे तिकडच्या डोंगरांचे वैभव आहे आणि ते तिकडेच शोभते. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर असली, तरी तिथला प्रचंड पाऊस आणि खाली राहणारी उंची पाहता तिथेही अरेबिका हौसेपुरतीच लावावी.

वारशाच्या कॉफीची आवड असेल, तर सखल प्रदेशाचा खरा वारसा असलेली लायबेरिका जरूर लावावी. हिचे झुडूप नव्हे तर झाड होते, पाने मोठी व जाड असतात आणि फळे रोबस्टाच्या कितीतरी पट मोठी असतात. फिलिपिन्समध्ये 'बाराको' या नावाने आणि मलेशियातील जोहोर प्रांतात ती उष्ण, दमट, सखल जमिनीतच वाढते. तिच्या बियांना फणसाच्या गऱ्यासारखा वास येतो असे पिणारे सांगतात, त्यामुळे कोकणी माणसाला ती परकी वाटू नये. मात्र फळाची साल जाड असल्याने सोलणे त्रासाचे आहे. बांधाच्या कडेला दोन-चार झाडे पुरेत.

एक गोष्ट विसरू नये. अरेबिकाला स्वतःच्याच परागाने फळ धरते, पण रोबस्टाला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. त्यामुळे एकाच मातृवृक्षाच्या फांद्यांपासून केलेली रोपे सगळीकडे लावल्यास फुले भरपूर येतील आणि फळे धरणार नाहीत. बियांपासून केलेल्या रोपांत ही अडचण येत नाही.

रोपे घरी तयार करणे

कॉफीचे बी फार काळ उगवणक्षम राहत नाही. कॉफी बोर्डाच्या संशोधन केंद्राकडून किंवा ओळखीच्या मळ्यातून बी आणल्यास ते डिसेंबर-जानेवारीत, मिळाल्याबरोबर पेरावे. स्वतःच्या झाडाचे बी घ्यायचे असल्यास पूर्ण पिकलेली फळे पाण्यात टाकावीत, तरंगणारी काढून टाकावीत, उरलेली हाताने सोलून बिया चाळलेल्या लाकडी राखेत घोळवाव्यात आणि सावलीत पाचेक दिवस रोज हलवत वाळवाव्यात. बीवरचे पिवळसर कडक कवच काढू नये.

एक मीटर रुंद व वीतभर उंच वाफ्यावर बिया दीड ते अडीच सेंटीमीटर अंतराने, सपाट बाजू खाली करून ठेवाव्यात. त्यांच्यावर बारीक मातीचा पातळ थर आणि त्यावर भाताच्या पेंढ्याचे आच्छादन द्यावे. सुमारे ४५ दिवसांत कोंब वर येतो. बी डोक्यावर घेऊन उभ्या राहिलेल्या या कोंबाला मळ्यांत 'टोपी' म्हणतात, आणि हीच त्याला पिशवीत हलवण्याची योग्य वेळ. पिशवीत सहा भाग रानमाती, दोन भाग चाळलेले कुजके शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण भरावे. हलवताना मुख्य मूळ दुमडले गेले तर ते रोप पुढे दहा वर्षे रडत राहते. म्हणून काडीने खोल भोक पाडूनच कोंब लावावा आणि वाकडे मूळ असलेले कोंब निर्दयपणे फेकून द्यावेत.

जागा, खड्डे आणि लागवड

खाऱ्या वाऱ्याच्या थेट माऱ्यातली, भरतीचे पाणी शिरणारी किंवा उघड्या कातळावरची जागा कॉफीला चालत नाही. जांभ्याची तांबडी, खोल, निचऱ्याची आणि किंचित आम्लधर्मी माती तिला चांगली मानवते, आणि अशी माती आपल्या कुळागरांत असतेच. खरी अडचण पावसाची आहे. वर्षभराचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि कॉफीच्या मुळांना साचलेले पाणी आठवडाभरही सहन होत नाही. बागेत चर नसतील, तर आधी ते खणावेत आणि मगच रोपांचा विचार करावा.

पोफळी साधारण २.७ मीटर चौरस अंतरावर असतात. चार पोफळींच्या बरोबर मध्यभागी रोप लावले, तर ते प्रत्येक पोफळीपासून सुमारे १.९ मीटर दूर राहते आणि पोफळीच्या मुळांशी त्याची फारशी झटापट होत नाही. प्रत्येक मोकळ्या चौकात न लावता एकाआड एक चौकात लावावे. या हिशेबाने दहा गुंठ्यांच्या बागेत सुमारे १४० पोफळी आणि ६५ ते ७० कॉफीची झाडे बसतात. नारळाच्या बागेत अंतर ७.५ मीटर असल्याने मोकळी जागा अधिक मिळते, परंतु नारळाच्या बुंध्यापासून दोन मीटरचे आळे सोडावे. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने जी 'लाखी बाग' रूढ केली, तिच्यात जायफळ, दालचिनी व मिरी घेऊन जागेचा असाच वापर केलेला आहे. कॉफीला त्या पंगतीत एखादे पान मांडता येते, पण जायफळाच्या दाट सावलीखाली ती लावू नये.

दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डे उन्हाळ्यात खणून उघडे ठेवावेत आणि वळवाच्या पावसानंतर पालापाचोळा व शेणखत घालून वरच्या मातीने भरावेत. लागवड कधी करावी, याविषयी बागायतदारांत दोन मते आहेत. मृग लागताच लावलेल्या रोपाला वाढीसाठी अधिक वेळ मिळतो, पण आषाढातल्या झडीत ते कुजण्याची शक्यताही तितकीच असते. मी ऑगस्टच्या अखेरीस, उघडीप पाहून लावतो आणि मरतुक जवळजवळ होत नाही. पहिले दोन उन्हाळे प्रत्येक रोपावर पश्चिमेकडून झावळीचा आडोसा करावा. जिथे पोफळी अजून लहान आहेत, तिथे केळ किंवा पांगारा यांची तात्पुरती सावली चालते. कर्नाटकातील मळ्यांतही पांगाऱ्याचा उपयोग याच कामासाठी केला जातो.

पाणी तोडण्याचे महिने

कोकणात कॉफी लावलेल्या अनेकांची तक्रार असते की झाड हिरवेगार आहे, पण फळे वर्षभर थोडी थोडी धरतात आणि एकदम तोडणी कधीच मिळत नाही. याचे कारण झाडात नसून आपल्या पाटात आहे. पोफळीला आपण पाऊस संपल्यापासून दर चार-पाच दिवसांनी पाणी देतो. कॉफीच्या कळ्यांना मात्र तयार झाल्यावर काही आठवडे कोरडेपणाचा ताण लागतो. त्या काळात कळी झोपलेली असते आणि ताणानंतर एकदम पाणी मिळाले की सगळ्या कळ्या एकाच वेळी जाग्या होतात. चिकमगळूर-कोडगूत हे काम फेब्रुवारी-एप्रिलमधला पाऊस करतो. तिथले मळेवाले त्याला फुलोऱ्याचा पाऊस म्हणतात आणि त्याची वाट आपण मृगाची पाहतो तशी पाहतात. आपल्याकडे त्या महिन्यांत पाऊस पडत नाही, आणि सतत ओलसर बागेत ताणही बसत नाही. दोन्ही गोष्टी आपल्यालाच घडवाव्या लागतात.

त्यासाठी कॉफी असलेल्या भागात पाटाचे पाणी बंद करून पोफळीला ठिबक सिंचन करावे, आणि तोट्या पोफळीच्या बुंध्याजवळ, कॉफीच्या विरुद्ध बाजूला ठेवाव्यात. डिसेंबरच्या मध्यापासून कॉफीचे पाणी पूर्ण तोडावे. जानेवारीत पाने दुपारी थोडी माना टाकू लागतील. घरातली मंडळी, विशेषतः ज्येष्ठ मंडळी, हे पाहून अस्वस्थ होतात. आमच्या घरी आईने एकदा माझ्या नकळत घागरीने पाणी घालून निम्म्या बागेचा ताण मोडला होता. पाने सकाळी पुन्हा ताठ होत असतील, तोवर भिण्याचे कारण नाही. सकाळीही ती लोंबलेली दिसली, तर मात्र ताण जास्त झाला असे समजावे.

फेब्रुवारीच्या अखेरीस कळ्या पोपटी-पांढऱ्या आणि तांदळाच्या दाण्यापेक्षा लांब दिसू लागल्या की तुषार सिंचनाने एकदाच भरपूर पाणी द्यावे. हे पाणी २५ ते ४० मिलिमीटर पावसाइतके असावे. २५ मिलिमीटर म्हणजे गुंठ्याला सुमारे २,५०० लिटर, म्हणजे दहा गुंठ्यांना २५,००० लिटर. एवढे पाणी विहिरीत आहे का, हे आधीच पाहून ठेवावे, कारण अर्धवट पाणी देणे हे अजिबात न देण्यापेक्षा वाईट आहे. अपुऱ्या ओलाव्याने कळ्या अर्ध्या उमलतात, गुलाबी पडतात, त्यांच्या पाकळ्या चांदणीसारख्या ताठ राहतात आणि फळ धरत नाही. पाणी नीट मिळाले, तर आठवड्याभरात एके पहाटे सगळी बाग पांढरी होते. मोगऱ्यासारखा वास सुटतो आणि मधमाश्या अशा गोळा होतात की त्या दोन-तीन दिवसांत बागेत औषध फवारण्याचा विचारही मनात आणू नये. फुलोऱ्याच्या दिवशी वरून पाणी पडू देऊ नये. त्यानंतर १५ ते २० दिवसांनी दुसरे तुषार पाणी द्यावे आणि पुढे पावसापर्यंत पोफळीबरोबर नेहमीचे पाणी चालू ठेवावे.

छाटणी, खते आणि रोग

झाड सुमारे चार फूट झाल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे आडव्या फांद्या बळावतात आणि तोडणी हाताच्या टप्प्यात राहते. खोडावरून सरळ वर धावणारे पानसोट वर्षातून दोन-तीनदा काढावेत. तोडणी संपली की वाळक्या व आत दाटी करणाऱ्या फांद्या काढाव्यात. खताबाबत माती तपासूनच निर्णय घ्यावा. झाडाला दरवर्षी पाच किलो कुजके शेणखत आणि बागेतलाच पालापाचोळा मिळाला, तर लहान बागेला पुष्कळ होते. आच्छादन खोडाला मात्र टेकू देऊ नये, नाहीतर उधई चढते.

पोफळीची फळे कुजवणारा 'कोळे रोग' तिच्या बागायतदाराला सांगावा लागत नाही. गंमत अशी की कॉफीच्या काळ्या कुजीलाही कर्नाटकात हेच नाव आहे, पण बुरशी वेगळी. झडीच्या दिवसांत कॉफीची पाने व फळे काळी पडून बुरशीच्या धाग्याला लोंबत राहतात. दोहोंवर उपाय एकच, म्हणजे पावसाआधी एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी. मोरचूद एक किलो, चुना एक किलो आणि पाणी १०० लिटर हे प्रमाण आपल्या हातातलेच आहे. पोफळीसाठी फवारणी करताना कॉफीच्या पानांखालीही नोझल फिरवावे. एखादी कोवळी फांदी अचानक वाळून तिच्यावर टाचणीएवढे भोक दिसल्यास ती भोकाच्या दोन-तीन इंच खालून कापून जाळावी. भारतात १९९० मध्ये निलगिरीतील गुडलूर भागात प्रथम आढळलेला फळ पोखरणारा बारीक भुंगेरा आजही मोठा त्रास देतो. त्याच्यावरचा खरा उपाय औषध नसून तोडणीनंतर झाडावर आणि जमिनीवर एकही फळ न ठेवणे हा आहे. माकडे व कांडेचोर यांना पिकलेल्या फळाची गोडी असतेच. त्यांचा वाटा हिशेबात धरावा.

तोडणी आणि वाळवण

रोबस्टाचे फळ फुलोऱ्यापासून दहा-अकरा महिन्यांनी पिकते, म्हणजे आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत. पाऊस संपून आकाश निरभ्र झालेले हे महिने वाळवणीसाठी उत्तम, आणि रोबस्टाच्या बाजूने हा एक मोठा मुद्दा आहे. पूर्ण लाल फळेच तोडावीत आणि त्यासाठी दोन किंवा तीन फेऱ्या कराव्यात. एकाच फेरीत फांदी ओरबाडली की हिरवी फळे येतात आणि त्यांचा गवताळ कडवटपणा भाजणीतही जात नाही. तोडलेली फळे त्याच संध्याकाळी पाण्यात टाकून तरंगणारी वेगळी करावीत.

रोबस्टाचा गर फार चिकट असतो आणि तो आंबवून धुण्यास अरेबिकापेक्षा बराच अधिक वेळ लागतो. शिवाय धुण्याचे आंबट पाणी वहाळात किंवा विहिरीजवळ जाऊ देता येत नाही. त्यामुळे लहान बागायतदाराने अख्खी फळे वाळवावीत. आणि इथेच माझी दुसरी चूक सांगतो. आमच्याकडे भात, मिरी, सुपारी सगळे शेणाने सारवलेल्या खळ्यावर वाळते, म्हणून मी पहिले पीक तिथेच पसरले. कॉफीने खळ्याचा वास इतका प्रामाणिकपणे उचलला की ती कोणी प्यायली नाही. फळे नेहमी जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच मांडवावर, जाळीवर किंवा बांबूच्या चटईवर, चार-पाच सेंटीमीटरच्या थरात वाळवावीत. पहिले चार दिवस थर दिवसातून सात-आठ वेळा उलटावा, कारण बुरशी याच दिवसांत लागते. किनाऱ्यावर रात्री दव पडते आणि दिवसभर वाळलेले फळ पहाटे पुन्हा ओले होते. म्हणून सूर्यास्तापूर्वी फळे ढिगाने गोळा करून झाकावीत आणि सकाळी दव उडाल्यावरच उघडावीत.

साधारण दोन ते तीन आठवड्यांत फळ काळे व कडक होते आणि मूठभर फळे हलवली की आत बी खुळखुळते. तेवढ्यावर विसंबू नये. धान्याच्या व्यापाऱ्याकडील ओलावामापकावर सोललेले बी तपासावे आणि ११ टक्क्यांच्या आसपास आकडा येईपर्यंत वाळवावे. पाच किलो पिकलेल्या फळांपासून सुमारे एक किलो हिरवे बी निघते. भर वयातल्या झाडाने चांगल्या वर्षी अर्धा ते पाऊण किलो हिरवे बी दिले, तर समाधान मानावे. म्हणजे दहा गुंठ्यांतून ३५ ते ५० किलो. एवढ्यावर घर चालत नाही, परंतु पोफळीच्या उत्पन्नाला हात न लावता ही भर पडते.

आगोटीपूर्वी

सोलणी थोडी असेल तर उखळात लाकडी मुसळाने हलके कांडून सुपाने पाखडावे. जोर केला की बी फुटते. एरवी फळे सालीसकटच, तागाच्या पोत्यात, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत. साल हेच बीचे सर्वांत चांगले आवरण असते.

पावसाळा मात्र पोत्यांतून पाहू नये. मंगळूरच्या किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर या काळात हिरवी कॉफी मुद्दाम दमट वाऱ्यात पसरतात. बी फुगते, फिकट सोनेरी होते, आंबटपणा निघून जातो आणि 'मॉन्सून्ड मलबार' या नावाने ती परदेशात विकली जाते. पण तिथे थर सतत हलवला जातो, माल निवडला जातो आणि हे काम पिढ्यानपिढ्यांच्या सरावाने होते. आपल्या माळ्यावर तोच वारा फक्त बुरशी आणतो. त्यामुळे आगोटीची, म्हणजे पावसाळ्यापूर्वीच्या साठवणीची, कामे सुरू झाली, कोकमे, पापड आणि फणसपोळ्या डब्यांत भरल्या जाऊ लागल्या, की त्याच आठवड्यात कॉफी एक दिवस पुन्हा उन्हात तापवावी, पूर्ण थंड होऊ द्यावी, सोलावी आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांत गच्च भरून ठेवावी. पावसात डबा उघडायचा तो कोरड्या हाताने, आठवड्याला लागेल तेवढे बी काढण्यापुरता. ते जाड लोखंडी कढईत मध्यम आचेवर सतत परतावे. पहिला तडतडाट संपून रंग गडद तपकिरी झाला की लगेच सुपात ओतून वारा घालावा, कारण कढईत राहिलेले बी आच बंद केल्यावरही करपत जाते. भाजलेली कॉफी लगेच दळू नये; ती एक रात्र झाकण सैल ठेवून मुरू द्यावी.